येऊ नका म्हणायला

"कुणाकडं?"

मावशींना कुठल्याही गावाचं नाव सांगा, त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा. अलिबागला चाललोय असं कुणी म्हणालं, की हातातली पळी तशीच धरून, मान जराशी वाकडी करून त्या विचारणार, "कुणाकडं?" कुणाकडे नाही, हॉटेलात उतरणार, असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा पडायचा. रागाने नव्हे, कीव येऊन. एवढ्या लांब जायचं आणि तिथे आपलं म्हणावं असं एक दार नाही, ही त्यांच्या हिशेबी गरिबीच. मग त्या अशा माणसाच्या ताटात भात जरा जास्त वाढायच्या.

माझा धंदा नेमका याच्या उलट. राहायला मी वलवणला आणि लोणावळ्यात स्टेशनजवळ माझं पर्यटनाचं छोटं ऑफिस. ज्यांचं तिथे कुणी नाही अशाच माणसांना मी गावोगाव पाठवतो. 'किनारा दर्शन, तीन रात्री चार दिवस' हा माझ्याकडचा सगळ्यात जास्त खपणारा माल. कोणत्या वळणावर गाडी थांबवली की समुद्र एकदम समोर येतो, कुठल्या वाळूत बसून सूर्यास्त बघायचा, मोदक कुठे खायचे आणि सुरमई कुठे, सगळं ठरलेलं. 'निसर्गरम्य' हा शब्द मी जितक्या वेळा लिहिलाय तितक्या वेळा स्वतःचं नावही लिहिलं नसेल.

मावशींशी ओळख झाली ती जेवणामुळे. कार्ल्याची लेणी बघायला येणारे माझे ग्रुप दुपारी त्यांच्याकडे जेवायचे. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात, ठेचा. फाट्यावरून आत वळलं की रस्त्याला लागून त्यांचं खळं होतं. खळं म्हणजे भात झोडायची, मळणीची सारवलेली मोठी जागा. कडेला दोन आंबे, एक बोअरचा नळ आणि मागे घर. मावशींचे यजमान शेती आणि म्हशी बघायचे. ते बोलायचे फारच कमी. दोघांच्या वाटचं बोलायचं काम मावशींनी बहुधा लग्नातच अंगावर घेतलं असावं.

पीक घरात आलं की खळं रिकामं होई आणि चैत्रात पुन्हा भरे. एकवीरेच्या यात्रेला किनाऱ्यावरची कोळी माणसं पालख्या घेऊन वर येतात हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यातल्या तीन घरांचा उतारा मावशींच्या खळ्यात असायचा. एक घर मुरूडचं, एक श्रीवर्धनचं, एक रेवदंड्याचं. घर म्हणायचं एवढंच, एकेका घराबरोबर भावकी, शेजारपाजार, बँडवाले मिळून मोठा जथा असायचा. मावशींच्या सासूबाईंच्याही आधीपासूनची ही रीत. दोन-तीन दिवस त्या खळ्यात चुली पेटायच्या, नाचगाणी व्हायची, पोरं आंब्यांना झोके बांधायची. मावशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याची कळशी घेऊन फिरत असायच्या आणि अख्ख्या वर्षात त्यांचा चेहरा तेवढा कधी उजळलेला नसायचा.

त्यामुळे किनारा त्यांना माहीत होता तो माणसांवरून. नकाशा हा प्रकार त्यांना मुळी मान्यच नव्हता. समुद्र त्यांनी पाहिला होता, रेवदंड्याच्या घरी एका लग्नाला त्या जाऊन आल्या होत्या. कसा वाटला असं मी विचारलं तर म्हणाल्या, "हाय की. लय पानी हाय." त्यापुढे तासभर त्या लग्नातल्या विहिणींबद्दल बोलल्या.

एकदा पुण्याचं नवीन लग्न झालेलं जोडपं लेणी बघून मावशींकडे जेवायला बसलं होतं. तिथून ती दोघं माझ्या 'किनारा दर्शन'ला निघणार होती. मावशींनी सवयीने "कुणाकडं?" विचारलं आणि कुणाकडे नाही हे कळल्यावर त्यांना पत्ता दिला. रेवदंड्याचा पूल यायच्या आधी कोळीवाड्यात शिरायचं, कार्ल्याच्या मावशीनं पाठवलंय म्हणायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि पुढे जायचं. पोरं सभ्य होती, खरंच गेली. पाणी प्यायला शिरलेली ती दोघं दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर पडली. नवरीची ओटी भरली गेली, कालवण-भात झाला, माडीवर झोपवलं गेलं, सकाळी होडी दाखवली गेली. माझा किल्ला राहिला, माझा सूर्यास्त राहिला, आरक्षित केलेली खोली रिकामी राहिली. परत आल्यावर त्यांनी इंटरनेटवर माझ्याबद्दल लिहिलं, "समुद्र नीट बघता आला नाही. माणसं चांगली." आणि मला पाचापैकी तीनच तारे दिले. मी ते मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं लिवलंय की."

मग त्या घरची वाटणी झाली. वाटणी रीतसर झाली, कुणी कुणाला फसवलं नाही, हे आधीच सांगतो. मागचं घर आणि ओढ्याकडची भातखाचरं मावशींच्या यजमानांकडे आली आणि रस्त्याकडचं खळं धाकट्या दिराकडे गेलं. दिराचं कामशेतला दुकान होतं, त्याला खळ्याचा काय उपयोग. त्याने ती जागा बंगले बांधणाऱ्या एकाला दिली. दिवाळी झाली आणि खळ्याभोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत उभी राहिली, तिला काळं लोखंडी फाटक लागलं. दोन्ही आंबे आत गेले. घरी जायला भिंतीच्या कडेने एक बोळ राहिला, त्यातून माझे पाहुणे एकामागून एक जेवायला जाऊ लागले.

मला वाटलं होतं मावशी आंब्यांसाठी हळहळतील. त्यांनी आंब्यांचं नावसुद्धा काढलं नाही. एका दुपारी ताटं उचलता उचलता त्यांनी मला विचारलं, चैत्रात ती माणसं येतील, ती कुठे उतरतील. मी म्हणालो, वर गाड्या लावायला मैदानं झाली आहेत, राहायच्या सोयी झाल्या आहेत, त्यांची व्यवस्था ती करतील. तुम्ही फक्त एकेक फोन करा.

त्यांनी ताटं खाली ठेवली.

"फोनवर 'येऊ नका' सांगत्यात व्हय, दादा? लग्नाचं आवतान दारात जाऊन देतो आपन. ह्ये तर त्याच्यापरीस मोठं हाय."

पालखी घेऊन आलेली माणसं येऊन भिंतीपुढे उभी राहिली, तर आपल्या सासूबाई वरून काय म्हणतील, हे त्यांनी मला विचारलं. आपण स्वतः जायचं, तिन्ही दारांत उभं राहून तोंडाने सांगायचं, म्हणजे कुणाची फजिती व्हायला नको, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, तूच जा, मला बोलता यायचं नाही. हे त्यांचं मी ऐकलेलं सर्वात लांब वाक्य.

आठ दिवसांनी मावशी माझ्या ऑफिसात आल्या. जेवू घालणारी बाई गिऱ्हाईक म्हणून खुर्चीच्या टोकावर बसलेली बघून मलाच अवघडल्यासारखं झालं. मी टेबलावर नकाशा पसरला आणि आतापर्यंत केली नसेल इतकी सुरेख आखणी केली. पहिल्या दिवशी घाट उतरून पेण, अलिबाग, मग रेवदंड्याचं घर. दुसऱ्या दिवशी काशिदचा किनारा, पुढे किल्ला दिसतो ते वळण, मग मुरूडचं घर. तिसऱ्या दिवशी आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीने दिघी, दिवेआगर, श्रीवर्धनचं घर. येताना माणगावकडून परत. रोज एक घर आणि मध्ये बघण्यासारखी ठिकाणं, म्हणजे मनावर ताण नको. प्रत्येक ठिकाणावर मी बोट ठेवत होतो आणि मावशी "व्हय, व्हय" म्हणत होत्या. मावळात 'व्हय' म्हणजे 'ऐकलं', 'पटलं' नव्हे, हे इतकी वर्षं इथे राहून मला कळायला हवं होतं.

ड्रायव्हर देता आला असता, पण मीच निघालो. एखाद्याच्या दारात जाऊन 'येऊ नका' कसं म्हणतात, ते मला बघायचं होतं.

गाडीत मागच्या सीटवर मावशी आणि त्यांच्याबरोबर नव्या इंद्रायणी तांदळाच्या तीन लहान गोण्या. नको म्हणायलाही रिकाम्या हाताने जात नाहीत. घाटात त्या बोलल्या, पेणपर्यंत बोलल्या, अलिबागला चहा झाला. चौल आलं तसं मी म्हणालो, आता रेवदंडा, पहिलं घर.

"हितं थांबायचं न्हाई," मावशी म्हणाल्या. "आदी मुरूड."

मी गाडी कडेला घेतली. तेव्हा मला कळलं की खळ्यात पालख्या लागायच्या त्याला एक क्रम होता. आधी मुरूडची, मग श्रीवर्धनची, शेवटी रेवदंड्याची. बोलवायचं झालं तरी याच क्रमाने आणि नको म्हणायचं झालं तरी याच. मी नकाशा काढून दाखवला की रेवदंडा वाटेत आहे, घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, पुढे जाऊन पुन्हा मागे यायचं म्हणजे फेरीबोट दोनदा, माणगावचा रस्ता रद्द, माझी सगळी आखणी उलटीपालटी.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मानाचं घर आदी, दादा. मुरूडच्या आजीला कळलं का तिच्याआदी रेवदंड्याला सांगितलं, तर ती म्हनंल, जागा बी गेली आन् आमचा मान बी गेला."

अडचण एवढीच होती की रेवदंड्याच्या बाजारातून जाताना मावशींना कुणी बघता कामा नये. त्या डोक्यावरून पदर ओढून दोन सीटांच्या मध्ये, तांदळाच्या गोण्यांवर ओणव्या झाल्या. साठी उलटलेली बाई अशी लपलेली मी तोवर पाहिली नव्हती. बाजाराचा रस्ता अरुंद, समोरून एसटी आलेली, गाडी जागच्या जागी अडकली. डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण काचेला नाक लावून आत बघायला लागली. "ही कार्ल्याची मावशी ना गो?"

खालून आवाज आला, "न्हाई."

त्या एका 'न्हाई'त अख्खा मावळ होता. कोळीण हसत हसत निघून गेली. पूल ओलांडल्यावर मावशी वर आल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, वळखलं नसंल तिनं.

काशिदला मी हट्टाने थांबलो. माझ्या आखणीतली एक तरी जागा जागेवर राहायला हवी होती. सुरूची झाडं, पांढरी वाळू, घोडागाड्या, फोटो काढणारी माणसं. मावशी चपला हातात घेऊन उभ्या राहिल्या. पाण्याकडे तोंड होतं, पण बघत काही नव्हत्या. ओठ हलत होते. मला वाटलं, नामस्मरण चाललंय. जवळ गेलो तर त्या सांगायचं वाक्य बसवत होत्या.

"औंदा जागा न्हाई..." त्या स्वतःशी म्हणाल्या आणि मग मान हलवली. "न्हाई. औंदा म्हनलं तर फुडल्या वर्साची आस धरत्याल."

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे जागा नसली की तुम्ही लोकांना काय सांगता. मी म्हणालो, सॉरी, फुल्ल आहे. त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. ते बरं आहे, पण खोटं आहे, असं म्हणाल्या. शेवटी दोनच शब्दांचं वाक्य ठरलं, जागा गेली. आणि त्याच्यापुढे, येऊ नका. हे दुसरं काही केल्या त्यांच्या तोंडात बसेना. जन्मात कधी ते म्हणायची वेळच आली नसणार. मी इतका वेळ समुद्राकडे पाठ करून कधी उभा राहिलेलो नाही, आणि मला त्यांची दया आली हे कबूल करायला हरकत नाही.

मुरूडची आजी नव्वदीच्या पुढची, खाटेवर बसलेली, डोळे लखलखीत आणि कानांनी ठार बहिरी. मावशींना बघून तिने दोन्ही हात पसरले. तांदूळ झाले, चहा झाला, सगळ्यांची चौकशी झाली. मावशींनी खाली बघत, हलक्या आवाजात सांगितलं. आजी म्हणाली, काय? मावशींनी पुन्हा सांगितलं. आजी पुन्हा म्हणाली, काय? जी गोष्ट कानात सांगायलाही जीभ धजत नव्हती, ती शेवटी मावशींना ओरडून सांगावी लागली. जागा गेली, येऊ नका. समोरच्या ओट्यावर जाळी सांधणारी माणसं हात थांबवून बघायला लागली. घरातल्या सुना दारात आल्या.

आजीला या वेळी ऐकू आलं होतं. तिने मावशींचा हात आपल्या मांडीवर ओढला आणि विचारलं, "तुला कोन तरास देतो काय गो?"

मावशींना रडू फुटलं ते तिथे. आम्हाला त्या रात्री सोडलंच नाही, हे सांगायला नको. सकाळी निघताना सुक्या बोंबलांचं एक गाठोडं गाडीत आलं आणि पुढचे कित्येक महिने माझ्या गाडीत बसणारे पाहुणे काच खाली करून का बसत होते, त्याचं कारण ते गाठोडं.

फेरीबोटीवर मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या. मी उजवीकडे पाण्यातला किल्ला दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, एक झालं.

श्रीवर्धनच्या घरी जुनी माणसं राहिली नव्हती. मुलगा कारभार बघत होता, पन्नाशीचा, स्वतःची बोट असलेला, कामाचा माणूस. बंदरावरूनच थेट आलेला. मावशींचं वाक्य आता सरावाने नीट आलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "बरं, मावशे. तुमी सांगितलंत ना, झालं." मग त्याने मला गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारलं, बायकोला जेवण वाढायला सांगितलं आणि जेवताना डिझेलच्या भावावर बोलत राहिला. वाईट काहीच नव्हतं त्यात. पाहुणचारात काडीची कसर नव्हती.

परतीच्या वाटेला लागलो. दिवेआगरला मी सूर्यास्तासाठी गाडी थांबवली. माझ्या माहितीतला तो सगळ्यात चांगला सूर्यास्त, त्यासाठी माणसं दिल्लीहून येतात. मावशी गाडीतून उतरल्याच नाहीत.

"लगीच बरं म्हनला," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, मावशी, तुम्हाला तेच तर हवं होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. या वेळी 'व्हय'चा अर्थ मला बरोबर कळला.

उरलं रेवदंडा. तिथली घरधनीण मावशींच्याच वयाची, दोघींचं विशेष सूत. ज्या लग्नाला मावशी गेल्या होत्या ते तिच्याच मुलाचं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर ती ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. मला म्हणाली, या. चहा घेणार का, प्रवास कसा झाला, बोटीला गर्दी होती का, सगळं मला. मावशींकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बाजारातली ती पाटीवाली बाई काम चोख करून गेली होती.

मावशी तिच्याशेजारी खाली बसल्या आणि कोळंबी सोलायला लागल्या. मग मावशींनी मानाचा क्रम सांगायला सुरुवात केली. आधी मुरूड, मग श्रीवर्धन. तिने मध्येच अडवलं. "मान मना कलतो गो. पन गाडीन लपलीस?"

मावशींना हसू आलं. मग तिलाही आलं. दोघी पदर तोंडावर धरून अशा हसल्या की सून आतून बघायला आली. त्या हसण्यातच मावशींनी सांगून टाकलं. जागा गेली. येऊ नका.

ही बाई 'बरं' म्हणाली नाही. उठून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. भांड्यांचा आवाजही येत नव्हता. बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, तुझ्या खळ्यात माझा नातू पहिलं पाऊल टाकून चालला होता. निघताना तिने मावशींना पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी तोवर गाडीच्या आरशात स्वतःचा भांग बघत बसलो. अशा वेळी माणसाने कुठे बघावं हे मला आजवर समजलेलं नाही.

घाट चढताना मावशी पुन्हा बोलायला लागल्या. लय हलकं वाटतंय म्हणाल्या. आता कुणी येऊन भिंतीपुढे उभं राहणार नाही, कुणाची मान खाली जाणार नाही. माझी आखणी पार वाया गेली असली तरी त्यांचं काम झालं होतं, आणि काम फत्ते झालेल्या गिऱ्हाइकाचा मला नेहमीच आनंद होतो. लोणावळा येईपर्यंत मीही खुशीत होतो.

आता मावशी तिथे नाहीत. यजमानांना म्हशींचं होईना, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडी दोघं उर्से गावी लेकीकडे राहायला गेली. माझे ग्रुप आता दुसरीकडे जेवतात. तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही. पण त्या गेल्या त्याआधीचा चैत्र मी पाहिला आणि तोच मला सांगायचा आहे.

यात्रेच्या दिवशी मी कार्ल्याच्या फाट्यावर गर्दीत अडकलो होतो. गाडी पुढे जाईना, म्हणून ती कडेला लावून चालत आत निघालो. भिंतीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, एका दगडावर मावशी बसलेल्या दिसल्या. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. पुढ्यात पाण्याच्या दोन कळशा, स्टीलच्या ग्लासांची चळत आणि ताटात हळदकुंकू.

कोण यायचंय, असं मी विचारलं. कुणी नाही, आपली बसलीय, म्हणाल्या.

मी शेजारी बसलो. बँड लावलेल्या, झेंडे फडकवणाऱ्या गाड्या डोंगराकडे चालल्या होत्या. प्रत्येक गाडी आली की मावशी मान उंच करून बघायच्या. अनोळखी गाड्यांतल्या कुणीकुणी पाणी मागून घेतलं, त्यांनी ते दिलं. दुपार झाली तरी त्या जेवायला उठल्या नाहीत. मग एक निळी बस आली आणि मावशी उभ्या राहिल्या. श्रीवर्धनची. पुढच्या सीटवर तो बोटवाला मुलगा बसलेला मलाही दिसला. बस आमच्या समोरच गर्दीत अडकून थांबली. इतकी जवळ की हात लावता आला असता. आतल्या झाडून सगळ्या माणसांनी माना वळवून पलीकडे, डोंगराच्या दिशेने बघायला सुरुवात केली. गर्दी हलली, बस गेली. मावशी खाली बसल्या.

मला त्या माणसांचा संताप आला. माझ्याकडे रेवदंड्याच्या बाईचा नंबर होता, प्रवासात घेतलेला. मी थोडा बाजूला जाऊन फोन लावला. ती वर देवळाच्या रांगेत होती, मागे ढोल वाजत होते. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, की तुम्ही वर आलात, वाटेत घर आहे, मावशी रस्त्यावर बसून आहेत, एकाला तरी दोन मिनिटं थांबता आलं नाही का.

तिचा आवाज एकदम उतरला. मावशी रस्त्यावर बसली आहे हे तिला माहीत नव्हतं. मुरूडची माणसंही आली होती, म्हणाली. आजीने बजावून पाठवलं होतं, त्या दाराकडे बघूसुद्धा नका. आम्ही गेलो तर तिला आम्हाला बसवावं लागणार, आणि कुठे बसवील ती? तिला खाली बघायची पाळी आणायची नाही, असं तिन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं. नुसता फोन आला असता तर आम्ही ऐकलंच नसतं, आलो असतो, तिच्या बोळात चूल मांडली असती.

"पन ती सोता दारान येऊन सांगून गेली," ती म्हणाली. "आता तिचा सबूद कसा मोडायचा?"

मी परत येऊन बसलो आणि जे ऐकलं ते सगळं, एकही शब्द न गाळता मावशींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं.

"बरोबर हाय त्यांचं," त्या म्हणाल्या. "मीच सांगून आली."

आणखी दोन-तीन गाड्या गेल्या. त्यांच्याकडे मावशींनी मान वर करून बघितलं नाही. मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या,

"पर एकानं तरी मोडायचा व्हता."

त्यांनी चळतीतला वरचा ग्लास उचलला, पदराने पुसला, कळशीतलं पाणी भरून माझ्या हातात दिला, आणि मी पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या.